काटापट्टी ‘आधीच नोंदलेली’ होती : एका जिनिंगमधील एरर कोडचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाबाहेर असलेल्या खासगी जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरचे आहे. कारखान्याची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. सॉफ्टवेअर अमरावतीत बसून काम करणाऱ्या आमच्या तीन जणांच्या गटाने लिहिले होते, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्या आमच्याच आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

खरेदीची रीत अशी. शेतकरी कापूस घेऊन येतो. बैलबंडी आता क्वचितच दिसते, बहुधा ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा पिकअप असते. भरलेल्या गाडीचे वजन काट्यावर होते, ग्रेडर कापसाची प्रत आणि ओलावा पाहतो, गाडी रिकामी होते आणि रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन होऊन काट्याचे यंत्र स्वतःचा अनुक्रमांक असलेली काटापट्टी छापते. ही पट्टी संगणकाशी जोडलेली नाही. काट्याशेजारच्या खोलीतील कारकून पट्टीवरचा क्रमांक, शेतकऱ्याचे नाव आणि निव्वळ वजन संगणकात चढवतो आणि त्या नोंदीवरून काही दिवसांनी चुकारा शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतो. ओलावा आठ टक्क्यांच्या वर असला तर ग्रेडर आपल्या खोलीतील दुसऱ्या संगणकावर कपात नोंदवतो. दोन्ही संगणक कार्यालयातील इन्व्हर्टरवर चालणाऱ्या एकाच सर्व्हरला जोडलेले होते आणि त्यावर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस होता.

नोंद करण्याचे काम डेटाबेसमधील एक फंक्शन, म्हणजे ठरलेले काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, करीत असे आणि ते शेवटी एक आकडा परत देत असे. शून्य म्हणजे नोंद झाली, उणे एक म्हणजे ही काटापट्टी आधीच नोंदलेली आहे, उणे दोन म्हणजे शेतकऱ्याचे खाते सापडले नाही. फंक्शनच्या तळाशी, कोणतीही अनपेक्षित चूक पकडणाऱ्या ‘व्हेन अदर्स’ या कलमाखाली, ‘उणे एक परत द्या’ अशी एक ओळ होती. ही ओळ लिहिली गेली तेव्हा चाचणीत आम्हाला एकच चूक सारखी भेटत होती, ती म्हणजे तोच पट्टी क्रमांक दोनदा टाकला जाणे. तेवढ्यापुरती ती ओळ बरोबर चालत होती. तात्पुरती म्हणून लिहिलेली ओळ कायमची कशी होते, हे या व्यवसायातील कोणालाही वेगळे सांगायला नको.

अडचण कशी उघडकीस आली

दसरा-दिवाळीनंतर खरेदी सुरू झाली आणि पहिले दोन महिने कोणतीही तक्रार आली नाही. जानेवारीत एक वयस्क शेतकरी पट्टी हातात घेऊन कार्यालयात आले आणि म्हणाले, “माह्या दोन गाड्या होत्या न जी, पैसे एकाच गाडीचे आले.” कारकुनाने त्यांना शांतपणे सांगितले, “काकाजी, तुमची पट्टी चढली हाय. मशीनच सांगते न, आधीच चढली म्हणून.” कारकून खोटे बोलत नव्हता. तो पट्टी क्रमांक त्या दिवशी टाकताना पडद्यावर ‘ही काटापट्टी आधीच नोंदलेली आहे’ असेच आले होते. शेजारच्या सहकाऱ्याने ती अगोदर चढवली असेल असे समजून त्याने पुढची पट्टी घेतली होती. प्रत्यक्षात ती नोंद डेटाबेसमध्ये कुठेच नव्हती.

आठवडाभरात अशाच आणखी दोन तक्रारी आल्या आणि मग कारखान्याच्या हिशेबनिसांनी आम्हाला फोन केला. काट्याच्या यंत्रातील अनुक्रमांक आणि डेटाबेसमधील पट्टी क्रमांक समोरासमोर ठेवल्यावर एकूण नऊ पट्ट्या गहाळ निघाल्या. त्या नऊ पट्ट्यांत एक गोष्ट समान होती आणि ती आमच्या नव्हे, हिशेबनिसांच्या लक्षात आली : सर्व नऊ शेतकऱ्यांनी त्या दिवशी एकापेक्षा जास्त गाड्या आणल्या होत्या.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे चुका आपोआप लिहिल्या जातात त्या नोंदवहीत, आम्हाला काहीही सापडले नाही. फंक्शनच्या आत पकडलेली चूक सर्व्हरपुरती हाताळली गेलेली असते आणि ती लॉगमध्ये उतरत नाही. म्हणजे आमच्या एका ओळीने कारकुनाला चुकीची माहिती दिली होती आणि आमच्याकडे येणारा पुरावाही पुसून टाकला होता. शेवटी उपयोगी पडले ते ‘पीजी_स्टॅट_डेटाबेस’ या सांख्यिकीच्या तक्त्यातील डेडलॉक (दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडकून पडणे) मोजणारे खाने. चूक कोणी पकडली की नाही याच्याशी त्या मोजणीचा संबंध नसतो. तिथे ११ हा आकडा होता. नऊ पट्ट्या गहाळ होत्या आणि उरलेल्या दोन वेळी कारकुनाने सहज म्हणून तीच पट्टी पुन्हा टाकून पाहिली होती व ती बिनतक्रार चढली होती.

खरे कारण

नवी पट्टी नोंदवणारे फंक्शन आधी शेतकऱ्याच्या खातेवहीची ओळ बदलत असे, मग हंगामातील सरासरी वजन काढत असे आणि शेवटी त्या दिवसाच्या एकूण खरेदीची ओळ बदलत असे. कपात नोंदवणारे फंक्शन दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिले होते. त्यात क्रम उलटा होता, म्हणजे आधी दिवसाची बेरीज आणि मग खातेवही. एकाच शेतकऱ्याच्या पहिल्या गाडीची कपात आणि दुसऱ्या गाडीची पट्टी एकाच वेळी नोंदवली जाऊ लागली, की एकाने खातेवही धरून ठेवलेली आणि दुसऱ्याने दिवसाची बेरीज, आणि दोघेही एकमेकांच्या हातातील ओळीची वाट पाहत थांबलेले, अशी स्थिती येत असे. सरासरीचा हिशेब नोंदी वाढतील तसा मंदावत गेला. नोव्हेंबरमध्ये डोळ्याचे पाते लवण्याइतका असलेला वेळ जानेवारीत दोन सेकंदांवर गेला होता. दोन महिने तक्रार का आली नाही, याचे उत्तर त्यातच आहे.

दर वेळी पट्टीचीच नोंद का मागे घेतली जावी, कपातीची का नाही, हा प्रश्न आम्हाला थोडा वेळ सतावत होता. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लॉकची, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेली ओळ सुटण्याची, वाट पाहणारी प्रक्रिया ठरावीक मुदतीनंतर, मूळ मांडणीत एका सेकंदानंतर, डेडलॉक आहे का हे स्वतः तपासते आणि जिला तो सापडतो तिचेच ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का होणारा किंवा एकत्रच मागे जाणारा बदलांचा संच, रद्द होते. कपातीची प्रक्रिया अगोदर वाट पाहू लागलेली असे, पण तिची तपासणी होई तेव्हा पट्टीचे फंक्शन अजून सरासरीच काढत असल्याने वर्तुळ पुरे झालेले नसे. पट्टीची प्रक्रिया नंतर थांबत असे, तिच्या तपासणीच्या वेळी वर्तुळ पुरे झालेले असे आणि तीच बळी जात असे. डेटाबेस त्या वेळी ४०पी०१ हा अचूक कोड देत होता. आमचे फंक्शन तो गिळून उणे एक देत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता फक्त क्रम सुधारण्याचा. दोन्ही फंक्शनमध्ये आधी खातेवही आणि मग दिवसाची बेरीज असा एकच क्रम ठेवला की हा विशिष्ट डेडलॉक उद्भवणार नव्हता. काम तासाभराचे होते आणि हंगाम ऐन भरात असल्याने कारखान्याचा आग्रहही याच पर्यायाचा होता. परंतु ‘व्हेन अदर्स’ तसेच राहिले असते, तर डिस्क भरली तरी कारकुनाला पट्टी आधीच नोंदलेली आहे असेच दिसले असते. हा बदल आवश्यक होता, पुरेसा नव्हता.

दुसरा पर्याय आकड्यांची यादी वाढवण्याचा : उणे तीन म्हणजे डेडलॉक, उणे चार म्हणजे वजन मर्यादेबाहेर आणि असेच पुढे. आमच्यापैकी एकाला हा मार्ग सोपा वाटत होता, कारण पडद्यावरील प्रोग्रॅममध्ये फारसा बदल लागला नसता. त्याला दोन आक्षेप होते. परत आलेला आकडा तपासण्याची सक्ती कोणावरच नसते. तो पाहायला विसरले तर प्रोग्रॅम निवांत पुढे जातो. शिवाय डेटाबेसने तयार दिलेल्या कोडचे आपण आपल्या तुटपुंज्या यादीत रूपांतर करीत राहतो आणि यादीत नसलेली चूक कुठेतरी कोंबतोच.

तिसरा पर्याय चुकीचा इंग्रजी मजकूर वाचून त्यातील शब्दांवरून निर्णय घेण्याचा. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ग्रेडरच्या खोलीतील पडद्यावर आम्ही एका ठिकाणी हेच केलेले निघाले. सर्व्हरच्या संदेशांची भाषा मांडणीतून बदलता येते, मजकुराची शब्दरचना आवृत्तीगणिक बदलू शकते, आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या दस्तऐवजातही मजकुराऐवजी कोड तपासण्याचाच सल्ला आहे. मजकूर किती फसवा असतो याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे. तिथे १२०५ आणि १२१३ या दोन्ही चुकांच्या संदेशाचा शेवट ‘ट्रान्झॅक्शन पुन्हा सुरू करून पाहा’ अशा एकाच अर्थाच्या शब्दांनी होतो. पण १२१३ या डेडलॉकमध्ये संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाते, तर १२०५ या लॉकच्या मुदतबाह्य चुकीत मूळ मांडणीनुसार फक्त शेवटचे विधान मागे जाते आणि आधीचे बदल तसेच लटकलेले राहतात. मजकुरावर विसंबणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

चौथा पर्याय चूक फंक्शनमध्ये न पकडता डेटाबेसच्या पाच अक्षरी कोडसह वर पोहोचू देण्याचा आणि काय करायचे हे ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने ठरवण्याचा. या कोडला एसक्यूएलस्टेट म्हणतात. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेच्या एसक्यूएल-९२ या प्रमाणकापासून तो आहे. पहिली दोन अक्षरे चुकीचा वर्ग सांगतात आणि उरलेली तीन त्यातील नेमका प्रकार. २३ हा वर्ग डेटाच्या नियमांच्या भंगाचा, त्यात २३५०५ म्हणजे एकमेव असायला हवी ती किंमत दुसऱ्यांदा येणे आणि २३५०३ म्हणजे संदर्भ असलेली नोंदच नसणे. २२ हा चुकीच्या किमतींचा वर्ग, ०८ जोडणीचा, ४० ट्रान्झॅक्शन मागे घेतले गेल्याचा, ५३ साधने अपुरी पडल्याचा. आम्ही पहिला आणि चौथा पर्याय एकत्र स्वीकारले.

प्रत्यक्षात काय केले

क्रम त्याच रात्री सुधारला आणि सरासरीचा हिशेब फंक्शनमधून बाहेर काढला. गहाळ नऊ पट्ट्या हिशेबनिसांच्या समोर, त्या त्या दिवसाच्या दराने, हाताने चढवल्या. त्यानंतर फंक्शनमधील सर्व पकडणारी कलमे काढून टाकली. याचा एक जादा फायदा असा, की पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशा प्रत्येक कलमासाठी आत एक उप-ट्रान्झॅक्शन उघडावे लागते आणि त्याचा भार आता उरला नाही.

कारखान्याचे स्वतःचे नियम मोडले गेले तर सांगण्यासाठी आम्ही स्वतःचे कोड ठरवले. प्रमाणकानुसार ० ते ४ या अंकांनी आणि ए ते एच या अक्षरांनी सुरू होणारे वर्ग प्रमाणकासाठी राखीव आहेत, म्हणून आम्ही ‘के’ने सुरू होणारा वर्ग घेतला : केपी१०१ म्हणजे ओलावा बारा टक्क्यांच्या वर, केपी१०२ म्हणजे त्या दिवसाची खरेदी बंद झालेली, केपी१०३ म्हणजे शेतकऱ्याचे बँक खाते नोंदलेले नाही. शेवटी तीन शून्ये येतील असा कोड घेतला नाही, कारण तसा कोड म्हणजे अख्ख्या वर्गाचे नाव होते आणि तो एकटा वेगळा पकडता येत नाही.

खरा वाद झाला तो कोणत्या कोडवर काय करायचे यावर. सुरुवातीला आम्ही चुकांची विभागणी कारणांप्रमाणे केली होती आणि ती कागदावर छान दिसत होती. पण पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कारण नको असते. आता काय करू, एवढेच त्याला हवे असते. म्हणून आम्ही ती विभागणी फाडून कृतीप्रमाणे नवी केली. काही चुका प्रोग्रॅमने स्वतःच पुन्हा प्रयत्न करून निस्तरायच्या, काही कारकुनाने दुरुस्त करायच्या, काहींत आधी शहानिशा करायची आणि उरलेल्या सगळ्यांत थांबून फोन करायचा. यादीत नसलेला कोणताही कोड शेवटच्या गटात जाईल आणि पडद्यावर ‘नोंद झालेली नाही’ हे शब्द व कोड मोठ्या अक्षरांत दिसतील, हे ठरवले.

पुन्हा प्रयत्नाच्या गटात मी प्रथम ४० हा अख्खा वर्ग टाकला होता. सहकाऱ्याने तो वाचला आणि त्यात ४०००३ हा कोडही येतो याकडे लक्ष वेधले. त्याचा अर्थ विधान पूर्ण झाले की नाही हे माहीत नाही असा आहे. जे झाले की नाही तेच ठाऊक नाही, ते आंधळेपणाने पुन्हा करणे म्हणजे दोनदा चुकारा देण्याची वाट मोकळी करणे. त्यामुळे गटात ४०००१ (एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनची टक्कर) आणि ४०पी०१ (डेडलॉक) हे दोनच कोड ठेवले. पुन्हा प्रयत्न करताना संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून चालवायचे, जास्तीत जास्त तीनदा, आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडा कमीजास्त वेळ थांबायचे, असे ठरले.

जोडणी तुटण्याचा प्रश्न इथे पुस्तकातल्यापेक्षा वेगळा होता. सर्व्हर इन्व्हर्टरवर होता, पण दोन खोल्यांना जोडणारा नेटवर्क स्विच नव्हता; वीज गेली की सर्व्हर जिवंत आणि संगणकाची जोडणी मात्र मेलेली. अशा वेळी ०८००६ येतो आणि कमिट (बदल पक्के करण्याची आज्ञा) पोहोचले होते की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो. शहानिशेचा गट यासाठीच केला. जोडणी परत आली की प्रोग्रॅम आधी तो पट्टी क्रमांक शोधतो. सापडला आणि शेतकरी व वजन तेच असले तर नोंद झाली आहे असे समजतो, वजन वेगळे असले तर कारकुनाला दाखवतो, सापडलाच नाही तर नव्याने नोंदवतो. म्हणजे तीच काटापट्टी आधीच असणे ही एका प्रसंगी चूक आणि दुसऱ्या प्रसंगी यशाची खूण ठरते. २३५०५ हा कोड एवढेच सांगतो की किंमत आधीपासून आहे. ती कोणी आणि कधी टाकली, हे आपल्याला जोडून पाहावे लागते. शिवाय कोणता नियम मोडला हे कोडसोबत येणाऱ्या नियमाच्या नावावरून तपासले, कारण पट्टी क्रमांकाप्रमाणे बँक खाते क्रमांकही त्या डेटाबेसमध्ये एकमेव असायला हवा होता आणि दोन्हींच्या भंगाला कोड एकच आहे.

लॉगच्या प्रत्येक ओळीत पाच अक्षरी कोड उमटेल अशी मांडणी केली. स्विचही इन्व्हर्टरला जोडला. त्याला वीस मिनिटे लागली.

परिणाम

त्या हंगामाच्या उरलेल्या काळात काट्याच्या अनुक्रमांकाशी दर शनिवारी ताळा घातला गेला आणि एकही पट्टी गहाळ आढळली नाही. डेडलॉकच्या खान्यातील आकडा वाढला नाही, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करणारा भाग प्रत्यक्षात कधी चाललाच नाही, हेही नमूद करायला हवे.

अनपेक्षित लाभ फोनवर झाला. तिथे इंटरनेट इतके बेभरवशाचे, की दूरवरून सर्व्हरवर जाऊन पाहणे बरेचदा शक्य नसते. पूर्वी कारकून “काहीतरी इंग्रजीत येऊन राहिलं” एवढेच सांगू शकत असे. आता तो पाच अक्षरे वाचून दाखवतो. तिसऱ्याच दिवशी त्याने २२००३ हा कोड सांगितला, म्हणजे आकडा खान्यात मावत नव्हता. तेवीस क्विंटल चाळीस किलो हे वजन त्याने क्विंटलच्या खान्यात २३४० असे किलोत टाकले होते. जुन्या पद्धतीत ही पट्टीसुद्धा ‘आधीच नोंदलेली’ म्हणून बाजूला गेली असती. त्या दिवशी २२००३ दुरुस्तीच्या गटात गेला आणि त्यासाठी ‘वजन क्विंटलमध्ये टाका’ असा मराठी संदेश लिहिला गेला.

वेगळे काय करता आले असते

नऊ शेतकऱ्यांना चुकारा मिळाला, पण काहींना तो तीन आठवडे उशिरा मिळाला. कापसाच्या पैशावर खताची, दुकानाची उधारी फिटत असते, त्यामुळे उशीर हा फक्त उशीर नसतो. काट्याचा अनुक्रमांक आणि डेटाबेस यांचा ताळा पहिल्या आठवड्यापासून घातला असता, तर ही चूक दुसऱ्याच पट्टीला पकडली गेली असती. त्यासाठी कोणत्याही कोडची गरज नव्हती.

एका निर्णयाबद्दल आमच्यात अजूनही एकमत नाही. ग्रेडरच्या खोलीतील जुना पडदा आकड्यांवरच चालत असल्याने आम्ही हंगाम संपेपर्यंत त्याच्यासाठी एक मधला थर ठेवला, जो नव्या कोडचे पुन्हा जुन्या आकड्यांत रूपांतर करीत असे. अनोळखी चुकीला तो उणे नव्व्याण्णव देत असे, उणे एक नव्हे. तरीही ज्या सवयीने घात केला तीच आम्ही आणखी तीन महिने जिवंत ठेवली. माझ्या मते तो पडदा चार दिवस बंद ठेवून कपात कागदावर नोंदवणे योग्य होते. सहकाऱ्याचे म्हणणे असे, की ऐन हंगामात कागदावर केलेल्या नोंदींत याहून जास्त चुका झाल्या असत्या, आणि त्याचे म्हणणे खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

डेडलॉकची चाचणी आम्ही कधीच केली नव्हती, कारण तो आपोआप घडेल तेव्हाच दिसतो असा आमचा समज होता. प्रत्यक्षात दोन जोडण्या उघडून, फंक्शनच्या मध्ये मुद्दाम काही सेकंदांची झोप घालून, तो हवा तेव्हा घडवता येतो. आता दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, काटा तपासणीसाठी उघडला जातो त्याच दिवशी, आम्ही दोन्ही संगणकांवर तो घडवून पाहतो, चालू नोंदीच्या मध्येच स्विचची तार काढून पाहतो, आणि पडद्यावर काय दिसते ते कारकुनाला मोठ्याने वाचायला लावतो.